पायताण व्हाया मिलान

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीच्या मॉडेल मंडळींनी कोल्हापुरी चप्पल घातली आणि आपल्यालाही पाय आहेत, याचा तमाम महाराष्ट्राला शोध लागला. कंपनीच्या लेखी ती नुसती ‘लेदर सँडल’. कोल्हापूरचं नाव नाही. किंमत लाखाच्या पुढे असल्याच्या बातम्या झळकल्या आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अस्मितेचा असा भडका उडाला की विचारू नका. मीही जळजळीत निषेध लिहिला. लिहिताना पायात व्हिएतनामचे बूट होते. पण टायपिंग हातानं करतात, त्यामुळे निभावलं.

या चपलेला भौगोलिक मानांकन 2019 मध्येच मिळालंय. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कर्नाटकातले चार. बेळगावही त्यात आहे. चपलेला सीमाप्रश्न नाही. तेव्हा ही बातमी कुणी फॉरवर्ड केल्याचं आठवत नाही. आजोबांची कापशी चप्पल आईनं भंगारात दिली तेव्हाही घरात निषेध झाला नव्हता. आम्ही लोफर घ्यायला निघालो होतो.

राग शमेना, म्हणून कोल्हापूर गाठलं. चप्पल लाइनीत दुकानदारानं जोड पुढ्यात ठेवला. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं कातडं, वर बारीक वेणी, चाललं की करकर.

“कितीला?”

“पंधराशे.”

“अहो, ऑनलाइन चारशेला मिळते!” (तिचा तळ रबरी असतो, हे मला माहीत होतं.)

“पावणं, इटलीच्या दुकानात बी असाच भाव पाडता काय?”

पुढे कंपनीनं मूळ कोल्हापूरचं असल्याचं कबूल केलं आणि डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. 2000 जोड इथेच बनवून सुमारे 800 युरोला एक, असे जगभर विकायचे ठरले. म्हणजे ऐंशी हजारांच्या पुढेच. हे कळल्यापासून ग्रुपवरचा निषेध थंडावलाय. पुण्यात कुठे मिळेल, एवढीच चौकशी चालू आहे.

मी मात्र दोनशे रुपये पाडून तेराशेला घेतली. लग्नकार्यापुरती ठेवलीय. रोज कोण घालणार? चावते.