खाडी आमची, सरंजाम अमेरिकेचा

मासा गरवायला माणसाला काय लागतं? दहा-पंधरा वाव दोरी, एक गरी, शिशाचा एक गोळा आणि मूठभर जिवंत कोळंबी. आमच्या नाटे गावच्या धक्क्यावर दोरी सोडून बसलेल्या कोणालाही विचारा, यादी इथे संपते. माझी यादी दोन पानी होती. ती मी पुण्यात, पंख्याखाली बसून, अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघून केली होती.

त्या व्हिडिओंमधले लोक कयाकवर बसून लार्जमाउथ बास नावाचा मासा धरतात. हा मासा गोड्या पाण्यातला, तळ्यातला. त्याच्या नादापायी त्या देशात दुकानंच्या दुकानं चालतात. 1932 साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्याने 22 पौंड 4 औंसांचा बास काढला. त्याच्याकडे मित्राच्या भागीत एकच गळकाठी होती म्हणतात. मासा त्याने घरी नेला आणि खाल्ला. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला 2009 साल उजाडलं, आणि ती झाली जपानच्या बिवा सरोवरात. मधली 77 वर्षं अख्खी अमेरिका नवनवीन सामान घेत होती. एवढं वाचून शहाण्या माणसाने एक काठी घेतली असती.

आमच्या खाडीत बास नाही, जिताडा आहे. गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात. इंग्रजीत हाही ‘सी बास’, या एका धाग्यावर मी सगळी खरेदी बेतली. जिताडा खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत फिरणारा. दगडाच्या, खांबाच्या, तिवरांच्या मुळांच्या आडोशाला दबा धरतो आणि पाणी फिरलं की बोय मासा नाहीतर कोळंबी गिळतो. जन्माला येतो नर म्हणून, आणि वाढला की मादी होतो. तेव्हा बाजारात ज्याचा रुबाब आपण बघतो तो मोठा जिताडा बहुतेक वेळा बाई असते. अशा संसारी माशाला मी जांभळं प्लॅस्टिकचं गांडूळ दाखवणार होतो.

आधी कयाक. 10 फुटी चटकन वळते, 12 फुटी सरळ आणि वेगात जाते. अरुंद हलकी पण डगमगती, रुंद स्थिर पण वल्हवताना खांदे काढणारी. मी 12 फुटी आणि रुंद अशी, दोन्हीकडून जड घेतली, कारण व्हिडिओतला गडी तिच्यावर उभा राहून गळ फेकत होता. तो तळ्यात उभा होता. नाट्याला खाडीच्या मुखातून लाट आत येते, हा फरक व्हिडिओत दिसत नाही. किंमत मी घरी अर्धी सांगितली आहे. उरलेली सवडीने सांगणार आहे.

पॉलिथिलीनची ही वस्तू 35 किलोंच्या घरात होती. आमच्या घरापासून खाडीपर्यंत जांभ्याच्या पायऱ्या आहेत. वाडीतल्या चौघांनी ती खांद्यावर घेतली आणि मी वल्हं धरून पुढे चालू लागलो. वाटेत एका म्हातारीने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

“ह्याच्यात बसतात कुठे?” शेजारच्या अण्णांनी विचारलं. अण्णांचं आयुष्य होडीवर गेलं. हल्ली ते धक्क्यावरून गरवतात.

“ह्याच्यात नाही, अण्णा. ह्याच्यावर बसतात.”

“म्हणजे आत पाणी नको म्हणून आपणच बाहेर?” अण्णा म्हणाले. सिट-ऑन-टॉप कयाकची इतकी अचूक व्याख्या मला कुठल्याही व्हिडिओत मिळाली नव्हती.

मग रीळ. साधं स्पिनिंग रीळ नवशिक्याला बरं, असं सगळे सांगतात. म्हणून मी बेटकास्टिंग रीळ घेतलं. त्याची फिरकी सुटली की अंगठ्याने दाबत राहावी लागते. अंगठा चुकला की आमिष थांबतं, फिरकी थांबत नाही, आणि आतल्या आत दोराचा जो गुंता होतो त्याला सोडवायला वडिलोपार्जित संयम लागतो. दोर रिळावर सारखा पसरावा म्हणून जी करामत असते तिचं पेटंट घेणाऱ्या मिशिगनच्या गृहस्थाचं नाव विल्यम शेक्सपियर होतं. खरंच. शोकांतिकेचा विषय त्याच्या घराण्याला नवा नसावा. दोर मात्र मी योगायोगाने बरा निवडला: विणीचा, आणि टोकाला जाड नायलॉनचा तुकडा. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण पात्यासारखं धारदार असतं, बारीक दोर तो सहज कापतो. अर्थात कापायला आधी तो लागावा लागतो.

नकली आमिषांवर तर मी भाळलोच. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 साली बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. गरिबीतून आलेली ही युक्ती. तिचे वंशज मी पेटीभर घेतले, प्रत्येकाला दोन-दोन त्रिशूळ गऱ्या. त्या गऱ्यांनी पहिल्याच दिवशी माझी टोपी धरली, मग पँट, मग तिवराची मुळं. तिवराची मुळं त्यांना फार आवडली.

सोबत फिश फाइंडर. पडद्यावर आकडा आला, 3 फूट, आणि खाली चिखल. तो वाकूनही दिसत होता.

आता नांगर. दीड किलोचा, घडीचा, चार नख्यांचा, वस्तू झकास. तो कयाकच्या नाळेला किंवा वरामाला, म्हणजे पुढच्या नाहीतर मागच्या टोकालाच बांधायचा असतो, कधीही बाजूला नाही. हे मला माहीत होतं. पण टोकापर्यंत हात पोचेना, म्हणून मी दोरी शेजारच्या कडीला बांधली. त्या दिवशी पौर्णिमा होती. निघताना अण्णांनी तिथीची पाऊणपट केली. “पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती पुरी. मग उधाणाची सुकती लागेल, खेच असते. त्याआधी काठाला ये.” मी त्यांना फोनमधलं भरतीचं ॲप दाखवलं. ॲपही तेच म्हणत होतं, फक्त महिन्याचे पैसे घेऊन.

खाडीकाठच्या यशवंतगड किल्ल्याच्या खाली मी नांगर टाकला. बारा वाजून गेले आणि पाणी समुद्राकडे निघालं. आधी दोरी ताठ झाली. मग ती तंतूसारखी बारीक कुरकुरू लागली. कयाकची ती बाजू बोटभर खाली गेली, कडेवरून पाण्याची एक पातळ जीभ आत आली आणि माझ्या सीटखाली शिरली. फिश फाइंडर अजूनही चिखलच दाखवत होता. दोरी सोडायला मी त्याच बाजूला वाकलो. पुढचं मी पाण्याखालून पाहिलं.

अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून हा लेख तुम्ही वाचत आहात. गळकाठी गेली, शेक्सपियर गेला, आमिषांची पेटी गेली. सगळं सामान कयाकला बांधून ठेवण्याच्या खास दोऱ्याही मी घेतल्या होत्या. त्या सीलबंद पाकिटात होत्या, आणि पाकीट पेटीत होतं. उलट्या कयाकला लोंबकळत मी वाहत निघालो आणि कालवांच्या खडकाला लागलो. तळपाय सोलून उभा राहिलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. कालवं फोडायला आलेल्या बायका जवळच होत्या.

“काय हरवलंत वो?” एकीने विचारलं.

याच खाडीतून इंग्रजांचा माल राजापूरला जायचा. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी तोफा डागल्या, म्हणून 1661 साली शिवाजी महाराजांनी त्यांची राजापूरची वखार खणून काढली. परका सरंजाम इथे आणून मांडला की काय होतं याचा दाखला घराशेजारीच होता.

संध्याकाळी अण्णांनी धक्क्यावरून जिताडा काढला. जिवंत बोय, एक गरी, हातात दोरी. घरी आले, डोकं आणि एक तुकडी पानावर ठेवून गेले. “डोकं तुला. खर्च झालाय तुझा,” म्हणाले.

पावसात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, पण ती यांत्रिक होड्यांना. माझी कयाक बिगरयांत्रिक, म्हणजे कायद्याने मी बारमाही मोकळा. कायद्याने मला पोहताना पाहिलेलं नाही. शिवाय ते दिवस जिताड्याच्या विणीचे. तेव्हा त्याला कोणीच त्रास देऊ नये, मी तर नाहीच.

तरीही कोणाला कयाक घ्यायचीच असेल तर ऐका. आपल्याला एकट्याला उचलता येईल तेवढीच घ्या. पैसे जॅकेटवर घाला आणि ते अंगात घाला, सीटमागे नको. रीळ साधं घ्या आणि घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ ते खातं. वल्ह्यासकट सगळं बांधून ठेवा. तिथी एखाद्या अण्णांना विचारा. बाकी माझं सामान ज्याला हवं असेल त्याने पौर्णिमेच्या सुकतीला यशवंतगडाखालच्या चिखलात शोधावं. सापडेल ते त्याचं, पावती मी देईन.