आधी मांडामांड

सी भाषेत फंक्शनच्या आत ‘इंट बेरीज;’ एवढंच लिहिलं आणि किंमत दिली नाही, तर त्या बेरजेत काय असतं? काहीही. मेमरीतल्या त्या जागेवर आधी कोण नांदून गेलं, त्याचा राहिलेला पसारा. तेच व्हेरिएबल फंक्शनबाहेर ग्लोबल म्हणून ठेवलं, की मुकाट्यानं शून्य मिळतं. घरातल्याला कचरा आणि अंगणातल्याला झाडूनपुसून जागा, असा हा न्याय.

तेव्हा किंमत द्यायला हवी, यावर दुमत नाही. वाद आहे तो कुठे द्यायची यावर.

1989 च्या प्रमाण सीमध्ये सगळी व्हेरिएबलं ब्लॉकच्या तोंडाशीच जाहीर करावी लागत. सत्यनारायणाला बसण्याआधी अगदी शेवटच्या आरतीचा कापूरसुद्धा चौरंगाशी मांडून ठेवावा, तसं. दिसायला झकास. पण दोनशे ओळी खाली कापूर लागतो, तोवर तो मधल्यामध्ये कुणी तरी वापरून टाकलेला असतो. 1999 च्या प्रमाणानं ही सक्ती उठवली: लागेल तिथे जाहीर करा, तिथेच किंमत द्या. मी याच पंथाचा. काही मंडळी मात्र कंपायलर कुरकुरू नये म्हणून दिसेल त्याला शून्य वाटत सुटतात. कंपायलर गप्प बसतो खरा, पण चूकही त्याच्याबरोबर गप्प बसते. जावा या बाबतीत कडक आहे. किंमत न दिलेलं लोकल व्हेरिएबल ती वाचूच देत नाही.

खरी धमाल सी प्लस प्लसमध्ये. दोन फाइलींत दोन ग्लोबल ऑब्जेक्ट, आणि एकाला जन्मतःच दुसऱ्याची गरज. आधी कोण जन्माला येणार, हे भाषा सांगतच नाही. आज चालतं, उद्या लिंकरनं क्रम बदलला की कोसळतं. या प्रकाराला जाणकारांनी ‘स्टॅटिक इनिशियलायझेशन ऑर्डर फियास्को’ असंच नाव दिलंय. इतकं प्रांजळ नाव संगणकशास्त्रात विरळा. उतारा साधा आहे: ऑब्जेक्ट फंक्शनच्या आत स्टॅटिक ठेवायचं, म्हणजे पहिल्यांदा हाक मारल्यावरच ते तयार होतं. 2011 च्या प्रमाणापासून एकाच वेळी दोन थ्रेडनी हाक मारली तरी ते एकदाच तयार होईल, अशी हमीही आहे.

राहता राहिला कन्स्ट्रक्टर. तिथे फील्डना किमती द्या, हवं तर आलेली माहिती तपासा. डेटाबेस उघडण्याची हौस तेवढी आवरा. त्या क्लासची टेस्ट लिहिणारा बिचारा तुमच्याच शेजारी बसतो.