दोन डोळ्यांचा ड्रोन

लखनऊच्या वृंदावन योजनेतल्या घरांना गच्च्या आहेत आणि गच्च्यांना भरपूर आकाश आहे. त्यात अमौसीचा विमानतळ जवळ, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी जमघटाचे पतंग. २०२० च्या फेब्रुवारीत तर डिफेन्स एक्स्पो इथेच भरला होता. लढाऊ विमानं डोक्यावरून गेली, पण कुणी घाबरलं नाही. ज्याचं निमंत्रण सरकारने छापलंय, त्याला अज्ञात कोण म्हणणार?

पंचाईत होते ती न बोलावता आलेल्यांची. २०२५ च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशात ड्रोनवाल्या चोरांची अफवा उठली. गावागावांत लोक लाठ्या घेऊन रात्री जागू लागले, आमच्या गल्लीतही जागरण सुरू झालं. ऑगस्टमधल्या एका पहाटे शेजारच्या भैयांनी हाक मारली, "अंकल जी, देखिए, दो आँखोंवाला है. हिल भी रहा है!"

पूर्वेला खरंच दोन दिवे होते, अगदी जवळजवळ. हलत मात्र होते ढग. १२ ऑगस्टच्या सुमारास शुक्र आणि गुरू एकमेकांपासून जेमतेम एका अंशावर आले होते, हे मी सांगितलं. भैयांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात गुरूबद्दल आदर होता, माझ्याबद्दल नव्हता.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. याच जोडीने आपल्या जवानांनाही चकवलं होतं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखच्या सीमेवर त्यांनी आकाशातल्या संशयास्पद दिव्यांच्या ३२९ नोंदी केल्या; चिनी टेहळणी असावी, असा वहीम होता. अखेर भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी छडा लावला : एक गुरू, दुसरा शुक्र. मला या गोष्टीत कौतुक वाटतं ते जवानांचंच. नोंदी ठेवल्या, म्हणून तर उत्तर सापडलं.

उत्तर प्रदेशातल्या २००२ च्या मुहनोचव्याचं, म्हणजे तोंड ओरबाडणाऱ्याचं, तसं झालं नाही. रात्री लाल-हिरवे दिवे चमकवत येतो आणि हल्ला करतो, असा त्याचा लौकिक. ऐन उकाड्यात, वीज गेलेली असताना, लोकांनी गच्चीवर झोपणं सोडलं. उत्तरं मात्र भराभर आली. पोलिसांनी पंखवाल्या किड्यांवर संशय घेतला, कानपूरच्या आयआयटीतून विजेच्या गोळ्याची शक्यता आली, लखनऊच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजातून सामूहिक भ्रमाचं निदान आलं. ज्याच्या कपाटात जे होतं, ते त्याने काढून दिलं. दिवा नेमका किती वाजता, कुठल्या दिशेला आणि किती वेळ दिसला, हे शंभर माणसांना शांतपणे विचारायला मात्र फारसं कुणी बसलं नाही. त्या कंटाळवाण्या कामालाच खरं तर तपास म्हणतात. परग्रहवाले असले, तर तेही अशा नोंदींच्या वहीतूनच सापडतील.

तेव्हा पुढच्या वेळी आकाशात काही दिसलं, तर मोबाइल थोडा उशिराच काढा. आधी वेळ आणि दिशा लिहा. मग हात ताठ करून दिव्याखाली मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. विमान ती मूठ बघता बघता ओलांडतं. पहाटेच्या शुक्राला तेवढं वर चढायला पाऊण तास लागतो.