आमच्या धुरेकऱ्यास खुले पत्र

माननीय धुरेकरी महाशय,

धुऱ्यावर आधी काठी तुम्ही चालवलीत आणि ठाण्यातही आधी तुम्हीच पोचलात. या दुहेरी चपळाईबद्दल अभिनंदन! आमचा धाकटा मोडका हात गळ्यात अडकवून बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात एक्स-रेच्या रांगेत उभा होता, तेवढ्यात तुम्ही फिर्यादी झालात आणि तो आरोपी. कपाळावर खरचटलं बोटभर, पट्टी मात्र डोकंभर. दाद द्यायलाच हवी.

फक्त फटक्याची जागा चुकली हो. धाकट्याच्या डाव्या हाताचं, करंगळीकडचं हाड मधोमध मोडलंय. डोक्यावर येणारी काठी अडवायला माणूस हात आडवा धरतो, तेव्हा बहुधा हेच हाड जातं. डॉक्टरांनी एमएलसीत, म्हणजे पोलिसांसाठीच्या वैद्यकीय नोंदीत, जागा, बाजू, 'कठीण बोथट वस्तू' सगळं टिपलंय. आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमांचा खुलासा सरकार पक्षाला देता आला नाही, तर त्याची सगळी कहाणीच संशयात येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्येच लक्ष्मी सिंह खटल्यात सांगून ठेवलंय. तुमच्या फिर्यादीत तर हा हात औषधालाही सापडत नाही.

आदल्या रात्रीचा तुमचा व्हॉइस मेसेजही जपलाय. "उद्या बांधीत पाणी घेऊन दाखव, हात ठेवत नाही." दिलेला शब्द पाळणारी माणसं आता राहिलीत कुठे! मेसेज नुसता इकडेतिकडे पाठवून भागत नाही, म्हणून मूळ फोन तसाच ठेवलाय. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत जोडू.

चिखलाचे फोटो पाऊस यायच्या आत काढले. तुमची पावलं धुरा ओलांडून आमच्या बांधीत आलीत. परतीची लांब लांब, धावतानाची. त्यांच्यामागे आमचं एकही पाऊल नाही. वकिलांना तोच फोटो सगळ्यात आवडला. पळणाऱ्याच्या पाठीत दांडा घातला असता, तर आम्हीच अडकलो असतो. न्याय संहितेचं कलम 37 बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करू देत नाही.

तुमचे एक हितचिंतक येऊन धाकट्याला सल्ला देऊन गेले, "मी तिथं नव्हतोच, म्हण." (आपल्याकडची माणसं बुडतात ती इथंच.) तो होता. फावड्याच्या दांड्यानं त्यानं एकदा मारलं, डोकं वाचवायला मारलं, आणि कोर्टात हेच सांगणार. बचाव दाखवून द्यायचा भार आमच्यावर आहे, कबूल. पण तो निःसंशय सिद्ध करायचा नसतो, शक्यतेचं पारडं आमच्याकडे झुकलं तरी पुरतं.

उशिरा का होईना, आमचाही रिपोर्ट लिहिला गेलाय. असे उलटसुलट खटले एकाच न्यायाधीशापुढे चालवायची रीत आहे. म्हणजे एकाच फेरीत तुम्हाला फिर्यादीही होता येईल आणि आरोपीही. बसचं भाडं तेवढं वाचलं.

आपला,
आरोपी क्रमांक एकचा थोरला भाऊ