सूट घ्या, हमी द्या

जॅग्वार आय-पेस २०१८ मध्ये बाजारात आली तेव्हा तिचं किती कौतुक करू आणि किती नको असं झालं होतं. २०१९ मध्ये ‘वर्ल्ड कार ऑफ द इयर’, सर्वोत्तम डिझाइन आणि सर्वोत्तम पर्यावरणस्नेही गाडी, असे तीन जागतिक किताब तिने एकाच फटक्यात पटकावले. गाडी बनायची ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये, पण कंपनी टाटांची. त्यामुळे मुंबई-पुण्यात तिचा अभिमान जरा जास्तच होता. मार्च २०२१ मध्ये ती भारतात आली. किंमत साधारण १ कोटी ६ लाखांपासून पुढे.

या गाडीचं पुढे काय झालं ते प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीवाल्याने आणि त्याहून जास्त आपल्या सरकारने नीट वाचायला हवं.

बॅटरी तापून आग लागण्याचा धोका आहे म्हणून अमेरिकेत २०२३ मध्ये ६,३६७ आय-पेस गाड्या परत बोलावल्या गेल्या. उपाय काय, तर सॉफ्टवेअर अपडेट. पण अपडेट केलेल्या गाड्यांनीही पेट घेतला. मग ऑगस्ट २०२४ मध्ये २०१९ च्या मॉडेलच्या २,७६० गाड्यांच्या मालकांना कळवण्यात आलं की गाडी घराबाहेर, इमारतीपासून लांब उभी करा आणि ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका. वर्ष संपायच्या आत कंपनीने या गाड्या मालकांकडून परत विकत घ्यायचं ठरवलं. कारण आत दडलेलं होतं. सेलमधून वीज बाहेर नेणारी धातूची इवलीशी पट्टी कारखान्यातच दुमडली गेली होती. दुमडलेली पट्टी सॉफ्टवेअरने सरळ होत नाही.

आगीच्या घटना मोजक्याच. रोजचा मनस्ताप वेगळाच असतो. इलेक्ट्रिक गाडीत मोठ्या बॅटरीबरोबर १२ व्होल्टची एक छोटी बॅटरीही असते. दारांची कुलपं, स्क्रीन, संगणक आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच हे सगळं तिच्यावर चालतं. ती उतरली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. पार्किंगमध्ये बटण दाबत उभं राहायचं, दार उघडत नाही आणि शेवटी गाडी उचलून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवायचा. हा दोष एकाच कंपनीपुरता नाही. छोटी बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रणेतल्या बिघाडापायी २०२४ मध्ये भारतात ह्युंदाईने १,७४४ आयोनिक ५ आणि कियाने १,१३८ ईव्ही६ परत बोलावल्या. चालत्या गाडीची ताकद जाण्याचा हा प्रश्न होता.

अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ संस्थेच्या पाहणीत २०२३ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या तक्रारी पेट्रोल गाड्यांपेक्षा ७९ टक्क्यांनी जास्त निघाल्या. २०२४ मध्ये हा फरक ४२ टक्क्यांवर आला. म्हणजे तंत्रज्ञान सुधारतंय, आणि वेगाने सुधारतंय. मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या बाजूचा आहे. आपल्या शहरांची हवा बघता दुसरा रस्ताच नाही. म्हणूनच म्हणतो, सुधारणा होईपर्यंतचा खर्च एकट्या ग्राहकाच्या माथी मारू नका.

तो खर्च किती, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. आय-पेसची ९० किलोवॉट-तासांची बॅटरी गाडीच्या तळाशी पसरलेली असते. आपले खड्डे आणि गतिरोधक सगळ्यांना ठाऊक आहेत. तळ घासून बॅटरीच्या कवचाला पोचा आला तर अनेकदा आख्खा पॅकच बदलायला सांगतात. गाडीचं वजन २,१०० किलोच्या वर. त्या वजनाने टायर लवकर झिजतात आणि एवढ्या मोठ्या मापाचे टायर स्वस्तात मिळत नाहीत. विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत पाचव्या वर्षी निम्म्यावर येते, सुट्या भागांच्या किमती मात्र गाडीच्या वयाबरोबर उतरत नाहीत. बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. २०२१ मध्ये घेतलेल्या गाडीची हमी २०२९ मध्ये संपणार, आणि भारतात या गाडीची विक्री २०२४ मध्येच थांबली. नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या मालकाने त्यानंतर कुणाचं दार ठोठावायचं?

यावर लगेच म्हटलं जाईल की कोटीची गाडी घेणाऱ्यांचं रडगाणं आम्ही का ऐकायचं? ऐकायला हवं, कारण त्या गाडीत तुमचे-आमचेही पैसे आहेत. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५ टक्के. करापूर्वी १ कोटी किमतीच्या एका गाडीवर सरकार ३५ लाखांवर पाणी सोडतं. महाराष्ट्राने त्यावर मोटार वाहन कर माफ केला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलही माफ. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. तो त्याच महिन्यात मागे घेतला गेला.

इतकी सूट देणाऱ्या सरकारने बदल्यात अटीही घालायला हव्यात. त्या एकाही कंपनीला जड जाणार नाहीत.

पहिली अट: गाडीच्या किंमतपत्रकावर नव्या बॅटरीची किंमत आणि ती बसवण्याची मजुरी छापा. आज ती मागितली तर वर्कशॉपवाले ‘गाडी आणा, मग बघू’ म्हणतात.

दुसरी: दरवर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी बॅटरीची उरलेली क्षमता लेखी द्या. त्याशिवाय सेकंडहँड गाडी घेणारा आंधळेपणाने पैसे मोजतो. आजच्या कोटीच्या गाड्या उद्या मध्यमवर्गीयच जुन्या बाजारात घेणार आहे.

तिसरी: मॉडेल बंद केलं तरी १० वर्षं सुटे भाग पुरवा आणि बाहेरच्या गॅरेजलाही दुरुस्तीची माहिती व उपकरणं द्या.

चौथी: जगात कुठेही गाडी परत बोलावली तर त्याच मॉडेलच्या भारतातल्या प्रत्येक मालकाला ठरावीक मुदतीत लेखी कळवा, तुमच्या गाडीला धोका आहे की नाही ते.

आपल्याकडे कायदा अगदीच नाही असं नाही. २०२१ पासून सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याचे नियम लागू आहेत. ७ वर्षांपर्यंतच्या गाड्या त्यात येतात, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. पण सगळं गाडं तक्रारींच्या संख्येवर अडतं. जी गाडी देशभरात वर्षाला काही शेकड्यांतच विकली जाते, तिचे मालक एकमेकांना सापडणार कधी आणि तक्रारी साठणार कधी? कोटीच्या गाडीचा दावा ग्राहक म्हणून लढायचा तर राज्य आयोगात जायचं, तज्ज्ञाचा अहवाल स्वतःच्या खर्चाने आणायचा आणि तारखा मोजायच्या. तोवर हमी संपते.

अमेरिकेत २,७६० गाड्या परत विकत घ्यायचं ठरलं ते कंपनीच्या मोठ्या मनामुळे नव्हे. तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेचा धाक होता आणि कागदोपत्री माहिती सगळ्यांसमोर होती. तो धाक आपल्या परिवहन खात्यानेही निर्माण करावा. राज्य सरकारने करमाफीच्या आदेशातच या चार अटी घालाव्यात. ज्या कंपनीला आपल्या बॅटरीवर विश्वास आहे ती आनंदाने सही करेल. जी करणार नाही, तिने पूर्ण कर भरून गाडी विकावी.