काटा, उतारा आणि शिंक

नुसत्या गोळ्या देणारा डॉक्टर इंदापूर तालुक्यात फार दिवस टिकत नाही. "सुई नाही व्हय?" म्हणत पेशंट उठतो आणि शेजारच्या दवाखान्यात जातो. पाऊस सरून गाजर गवत फुललं की माझं नाक नीरेच्या कालव्याला आवर्तन सुटल्यासारखं वाहतं, त्यामुळे या सुयांचा माझा अभ्यास दांडगा. (या गवताला काँग्रेस गवतही म्हणतात. पण 'मला काँग्रेसची ॲलर्जी आहे' असं बारामतीत मोठ्यानं म्हणू नये. 'कुठल्या?' हा पुढचा प्रश्न येतोच.)

आमच्या ऊसवाल्या तात्यांचा भरवसा एव्हिलच्या सुईवर. पोरानं शिंक दिली की एव्हिल, गांधीलमाशी चावली की एव्हिल. एकदा ते टोचून घेऊन आम्ही इंदापुरातून एसटीत बसलो. निमगाव केतकीचे पानमळे दिसायच्या आत तात्या घोरायला लागले. भवानीनगरला जाग आल्यावर म्हणाले, "बघ, एक शिंक नाही!" झोपेत कोण शिंकतं, हे त्यांना कोण सांगणार?

दुसरी सुई स्टेरॉइडची. ट्रायॅमसिनोलोन कमरेत टोचायचं, ते आठवडे न् आठवडे पाझरत राहतं. नाक असं मोकळं होतं की पाव्हणे-रावळेही त्याच सुईची चौकशी करतात. पण वरचेवर घेतली तर हाडं ठिसूळ होतात, शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी आळसावतात आणि रक्तातली साखर वाढते. इतर सगळं तात्यांनी सोडून दिलं. "साखर वाढती? उतारा किती पडतो?"

तिसरी ओमॅलिझुमॅब. इशिझाका दांपत्यानं १९६६ साली ॲलर्जी पेटवणारं आयजीई हे प्रतिपिंड शोधून काढलं. हे औषध त्यालाच जखडून ठेवतं. किंमत ऐकूनच निम्मी सर्दी आटते. डोस रक्तातलं आयजीई आणि पेशंटचं वजन बघून ठरतो, असं मी सांगितल्यावर तात्या एकदम सावध झाले. "वजनावर? काटा कुणाचा?"

राहिली लस. १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क पेशंटला टोचून ही वाट पाडली. ज्याचा त्रास, तेच थेंबाथेंबानं अंगात सोडायचं. आधी हातावर टोचून तपासणी, मग दर आठवड्याला वाढता डोस, पुढं महिन्याला एक. प्रत्येक वेळी रिॲक्शन येते का हे बघायला अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. असं तीन ते पाच वर्षं. पण या चौघींत, थांबवल्यावरही गुण टिकतो तो हिचाच, म्हणून माझं मत हिला.

तात्यांनी बोटं मोजून हिशेब केला. "म्हंजे एक आडसाली न् वर दोन खोडवे. चालंल. पण बेणं खात्रीचं पायजे." आणि बारामतीत डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "साहेब, बेणं कशाचं?"

"गाजर गवताचं."

तात्या खुर्चीतून अर्धे उठले. "दोन ट्रॉल्या बांधावर उभं हाय की! घिऊन जावा. फकस्त बिलात वळतं करा."