थंडी मालकाला, मस्ती बछेऱ्याला

येवल्याला दर मंगळवारी घोड्यांचा बाजार भरतो आणि दसरा जवळ आला की त्याला जत्रेची कळा येते. नाशिकहून गेलेलं हौशी गिऱ्हाईक तिथे बछेऱ्याचे भोवरे मोजतं, त्यांत शुभ मानला जाणारा देवमण शोधतं, ओठ वर करून दात बघतं, दोन फेऱ्या पळवून चाल पाहतं. बछेरा नाकपुड्या फुलवून मागच्या पायांवर उभा राहिला, की विकणारा म्हणतो, "तेज बघा शेठ, तेज!" आणि शेठ त्या तेजापायी बोलीत भर घालतात. पुढे कार्तिकात हेच तेज गंगापूर रोडच्या एखाद्या मळ्यात मोतद्दाराला कुंपणावर भिरकावतं, तेव्हा त्याला मस्ती म्हणतात. बछेऱ्याला विचाराल तर मधल्या काळात त्याच्यात काही बदललेलं नसतं. फक्त पारा उतरलेला असतो.

हौशी मालक शिकलेला असतो, म्हणून तो पुस्तक आणतो. ते बहुधा विलायतेत लिहिलेलं. त्यात असतं की घोडा वसंतात चेकाळतो. तिथलं कारण खरंच आहे. घोड्याचं शरीर दिवसाची लांबी मोजत असतं. उजेडाचे तास वाढले की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन कमी सोडते, हिवाळी केस झडतात, घोड्या माजावर येऊ लागतात आणि दीड-दोन वर्षांचं नर शिंगरू एका सकाळी मान ताणून शेजारच्या तबेल्याच्या दिशेने खिंकाळू लागतं. पण लंडनचा सर्वांत लहान दिवस ८ तासांच्या आतबाहेर आणि सर्वांत मोठा साडेसोळा तासांचा. नाशिकात हेच आकडे ११ आणि सव्वातेराच्या आसपास. एवढ्याशा फरकाने घोड्याने कितीसं चेकाळावं? त्यातून इथे वसंत म्हणजे चैत्राचं ऊन. पुस्तकाबरहुकूम मालक मार्चमध्ये जय्यत तयारीनिशी बसतो आणि बछेरा कडुनिंबाखाली डोळे मिटून उभा असतो.

नाशिकच्या बछेऱ्याचा वसंत येतो तो दसऱ्यानंतर. पावसाळाभर हिरवा चारा पोटात गेलेला, चिखलामुळे फिरणं कमी झालेलं, वर मालकाने कौतुकाने वाढवलेली चंदी. मग थंडी पडते. निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, याच्या बातम्या रोज छापून येतात आणि मालक कानटोपी चढवतो. बछेऱ्याला मात्र ५ ते २५ अंश ही हवा अगदी मानवते. त्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबत असतो आणि त्या आंबण्याची ऊब त्याला आतून मिळत असते. मालक शालीत कुडकुडत "याला थंडी वाजत असेल" म्हणून चंदीत आणखी मूठभर हरभरे टाकतो. खरं तर ऊब हवी असेल तर कडबा वाढवायचा. हरभऱ्याने वाढतो तो उत्साह. थोड्याच वेळात त्या मुठीचा हिशेब मोतद्दाराच्या मांडीवर निळा-जांभळा उमटतो.

मराठी फौजेने हे गणित बरोबर बसवलं होतं. पावसाळ्यात छावणी, घोडी चरून ताजीतवानी, दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मग मुलुखगिरी. पावसाळ्याची सगळी चरबी दौडीत जिरत असे. आजच्या बछेऱ्याला खाणं मोहिमेचं मिळतं. मुलुखगिरी मात्र सोमेश्वरपर्यंत, तीही रविवारी आणि मालकाकडे पाहुणे नसले तर.

यावरचा उपाय इतका साधा आहे की कोणी करत नाही. काम नसेल त्या दिवशी चंदी कमी करायची. युरोपात ओझी ओढणाऱ्या घोड्यांना रविवारी सुट्टी मिळे, पण दाणा रोजचाच. सोमवारी सकाळी जुंपलं की त्यांचे मागचे स्नायू आखडत, लघवी कॉफीच्या रंगाची होई. त्या दुखण्याला सोमवारचा आजार असंच नाव पडलं. चारा बदलायचा तोही आठ-दहा दिवसांत, थोडा थोडा. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे एकदम पोटभर लुसणघास घातला तर खाल्लेलं चुकलं असं ठरवून बाहेर काढायची सोय नाही. मग शूळ उठतो आणि रात्री दोन वाजता डॉक्टरही उठतात. बाकी रोज मोकळं सोडणं आणि खोगीर चढवण्याआधी लांब दोरीवर गोल फिरवणं. पहिल्या फेऱ्यांत बछेऱ्याला काय झाडायच्या त्या लाथा हवेत झाडू द्याव्यात. हवेची तक्रार नसते.

प्रत्येक खोड ही मस्तीच असते असंही नाही. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमाराला बछेऱ्याचे पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडून नवे येतात. याच वयात त्याच्या तोंडात लगाम कोंबतात आणि तो मान झटकतो म्हणून त्याला अडेल ठरवतात. पावसाळ्यात तो पाय आपटतो ते माश्यांपायी. मोठ्या चावऱ्या माश्यांमधून सर्रा नावाचा रोग पसरतो. त्यात ताप येतो-जातो, रक्त कमी होतं, जनावर मरगळतं. तेव्हा जो बछेरा भाद्रपदात फारच शहाण्यासारखा वागू लागला, त्याला बक्षीस देण्याआधी थर्मामीटर लावावा.

खरी पंचाईत पंचांगाची आहे. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, म्हणजे बछेऱ्याचं रक्त सर्वांत जोरात असतानाच त्याला जरीची झूल घालून नाशिक ढोलासमोर उभं करायचं. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, हे वऱ्हाडी मंडळींना पाठ असतं, तरी नवरदेवाचे मित्र नाचायला नेमकी तीच जागा निवडतात. ग्रीक सेनानी झेनोफोनने सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की शिंगराला गर्दीतून फिरवावं, नाना आवाज ऐकवावेत आणि त्याच्याशी रागाने कधीच वागू नये. त्याने नाशिक ढोल ऐकला नव्हता, पण सल्ला चालतो: आधी लांबून, मग थोडं जवळून, कान सैल पडले की परत फिरायचं. याला महिने लागतात. मालकाकडे सुपारी परवाची असते.

एवढं करून पौष उजाडतो, तर येवल्यात संक्रांत. तीन दिवस गच्च्यांवर हलकडीचं वाद्य घुमतं, आकाशात पतंग फडफडतात, काटाकाटीची आरोळी उठते, आणि बंदी असलेला नायलॉन मांजा कुठून तरी पायात येतोच. वरून झडप घालणाऱ्या गोष्टींना भिण्यासाठीच निसर्गाने घडवलेला हा प्राणी. या तीन दिवसांत बछेऱ्याला काही शिकवायला जाऊ नये. तबेल्यात कडबा टाकावा आणि आपणही पतंग उडवावा.

मग उन्हाळा लागतो. पारा चाळिशीकडे सरकतो, अंगात रग उरत नाही आणि वैशाखातल्या वरातीत हाच बछेरा ढोलाच्या दणक्यात मान खाली घालून पाऊल-पाऊल चालतो. नवरदेवाचा मामा त्याच्या पाठीवर थाप मारतो, तरी तो हूं की चूं करत नाही. मालक चारचौघांत सांगतो की सहा महिने मेहनत घेतली, आता त्याची अगदी गाय झाली आहे. त्याच मांडवात तो मार्गशीर्षातल्या चार वरातींची आगाऊ रक्कम घेतो, वाढीव दराने.